कॅशे पुसायच्या आधी

‘कॅशे आणि कुकीज क्लिअर करून बघा.’ वेबसाइटवरचं काही चालत नाही म्हणून कुणालाही विचारा, पहिलं उत्तर हेच येतं. कॅशे म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या साइटच्या फाइल्स, आणि कुकीज म्हणजे लॉगिनसारख्या गोष्टी लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी. मी सपोर्टचं काम करते, दिवसभर लोकांच्या स्क्रीन बघत असते, आणि हा सल्ला मी पहिल्या फटक्यात देत नाही. सगळं पुसलं की माणूस सगळीकडून लॉगआउट होतो. पासवर्ड आठवत नसला तर एका अडचणीच्या दोन होतात. शिवाय बिघाड कशामुळे झाला होता हे सांगणारा पुरावाही त्याबरोबर जातो. पेज सुरू झालं तरी का सुरू झालं ते कळत नाही, आणि परत बंद पडलं की पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून आधी बघायचं, आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.

लोक म्हणतात, ‘साइट चालत नाहीये.’ मी विचारते, ‘आत्ता समोर काय काय दिसतंय?’ मग कळतं की पेज आलंय, मजकूर आलाय, पण ड्रॉपडाउन रिकामा आहे. किंवा नकाशाच्या जागी नुसता राखाडी चौकोन आहे. किंवा ‘सबमिट’ दाबलं की काहीच होत नाही. ही माहिती फार मोलाची. वेबपेज ही एक सलग फाइल नसते. आधी एचटीएमएल, म्हणजे पेजचा सांगाडा, येतं आणि ते वाचता वाचता ब्राउझर बाकीच्या गोष्टी मागवत जातो: रंगरूपासाठी सीएसएस, बटणांत जीव यावा म्हणून जावास्क्रिप्ट, फॉन्ट, चित्रं, आणि सगळ्यात शेवटी ड्रॉपडाउनमध्ये भरायची यादी. प्रत्येकाची मागणी वेगळी, आणि पुष्कळदा सर्व्हर, म्हणजे फाइल पाठवणारा पलीकडचा संगणक, तोही वेगळा. त्यातली एकच मागणी अडली तर बाकी पेज नीटनेटकं दिसतं आणि तेवढा तुकडा मेलेला राहतो. अशा वेळी राउटर बंद-चालू करत बसण्यात सहसा हशील नसतं.

यानंतर मी इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खाजगी विंडो उघडायला सांगते. तिच्यात काहीही पुसावं लागत नाही, आणि तरी कळायचं ते कळतं. मशीन तेच, नेट तेच, ब्राउझर तोच. बदलतं काय, तर जुन्या कुकीज नसतात, कॅशे कोरं असतं आणि क्रोम, फायरफॉक्समध्ये आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेंशन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तीही बंद असतात. तिथे चाललं, तर दोष बहुधा आपल्या ब्राउझरने साठवलेल्या एखाद्या गोष्टीत किंवा एक्स्टेंशनमध्ये आहे. तिथेही नाही चाललं, तर संशय साइटवर, नेटवर्कवर किंवा खुद्द ब्राउझरवर. आधीची इन्कॉग्निटो विंडो उघडी असेल तर ती बंद करून नवी उघडा, नाहीतर तिच्यातल्या कुकीज नव्या विंडोतही येतात.

एक अपवाद ध्यानात ठेवा. क्रोमच्या इन्कॉग्निटोमध्ये थर्ड पार्टी कुकीज, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे तर दुसऱ्याच साइटच्या कुकीज, मुळातच अडवलेल्या असतात. पेजमध्ये दुसऱ्या साइटची चौकट बसवलेली असेल, म्हणजे पेमेंटचा डबा, चॅट, ‘अमुक खात्याने लॉगिन करा’ असलं काही, तर ते नेहमीच्या विंडोत चालून इन्कॉग्निटोत बंद पडू शकतं. सफारीने अशा कुकीज मार्च २०२० पासून सरसकट अडवायला सुरुवात केली. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगवेगळ्या कप्प्यात ठेवणं सगळ्यांसाठी चालू केलं. प्रायव्हसीच्या दृष्टीने हे उत्तमच झालं, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण ‘मैत्रिणीकडे चालतं, माझ्याकडे नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं: तिचा ब्राउझर वेगळा, तुमचा वेगळा.

एक्स्टेंशन्सचा संशय असेल तर सगळी एकदम काढून टाकू नका. अर्धी बंद करा, पेज रिफ्रेश करा, मग उरलेल्यातली अर्धी. जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन बहुतेक वेळा पत्त्यातल्या शब्दांवरून ठरवतं की काय अडवायचं. एका साइटवर लोकांना स्वतःच्या सूचना प्रसिद्ध करायचा फॉर्म होता आणि त्याच्या फाइल्स ज्या फोल्डरमध्ये होत्या त्याचं नाव ‘ॲड्स’. ॲडब्लॉकर असलेल्यांना तो फॉर्म दिसतच नव्हता. चूक ना वापरणाऱ्याची, ना एक्स्टेंशनची. फोल्डरचं नाव बदललं, काम झालं. हे आम्हाला कळलं कसं? ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये त्या फाइलच्या ओळीपुढे लाल अक्षरांत ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ लिहिलेलं होतं. क्लायंट म्हणजे आपलाच ब्राउझर. सर्व्हरपर्यंत मागणी गेलीच नव्हती.

आता त्या टॅबकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. कीबोर्डवर एफ१२ दाबा. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि आय. खिडकीच्या कडेला किंवा खाली एक पट्टा उघडतो. त्यातले दोनच टॅब आपल्या कामाचे: कन्सोल, जिथे चुका लिहून येतात, आणि नेटवर्क, जिथे प्रत्येक मागणीची नोंद असते. पट्टा उघडा ठेवून पेज परत रिफ्रेश करा, कारण नेटवर्कची नोंद पट्टा उघडल्यानंतरच सुरू होते. कन्सोलमध्ये पिवळ्या इशाऱ्यांची रांग दिसली तर घाबरू नका, धडधाकट साइटवरही ती असते. लाल ओळी बघा, आणि त्यातली सगळ्यात वरची आधी. खालच्या बऱ्याचशा तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

मला वारंवार भेटणारी एक लाल ओळ म्हणजे ‘अनएक्सपेक्टेड टोकन’ आणि त्यापुढे अवतरणात ‘<’ हे चिन्ह. या एका चिन्हात अख्खी कहाणी असते. ब्राउझरने जावास्क्रिप्टची फाइल मागितली. आलेल्या फाइलचं पहिलंच अक्षर ‘<’ निघालं. स्क्रिप्ट काही त्या अक्षराने सुरू होत नाही, एचटीएमएल सुरू होतं. म्हणजे स्क्रिप्टच्या नावाखाली सर्व्हरने एक वेबपेज पाठवलं! असं का व्हावं? साइटची नवी आवृत्ती चढवली की स्क्रिप्टच्या फाइल्सची नावं बदलतात. नावात अक्षरं-आकड्यांची एक शेपटी असते आणि ती दर आवृत्तीला नवी. तुमच्या ब्राउझरकडे मात्र कालचं एचटीएमएल साठवलेलं आहे आणि ते कालच्याच नावाची फाइल मागतंय. ती आता सर्व्हरवर नाही. खरं तर सर्व्हरने ‘४०४, सापडली नाही’ म्हणायला हवं. पण पुष्कळ साइट्सची मांडणी अशी असते की अनोळखी पत्ता आला की मुखपृष्ठ पाठवून द्यायचं, वर ‘२००, सगळं ठीक’ असा शिक्काही मारायचा. त्यामुळे नेटवर्क टॅबमध्ये एकही ओळ लाल नसते आणि तरीही पेज मेलेलं असतं. त्या ओळीवर क्लिक करून ‘रिस्पॉन्स’ उघडा. कोडऐवजी मुखपृष्ठाचं एचटीएमएल दिसलं की चोर सापडला.

इथे उपाय आहे हार्ड रीलोड: कंट्रोल, शिफ्ट आणि आर, मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. यात फक्त या पेजपुरतं कॅशे बाजूला ठेवलं जातं, लॉगिनला धक्का लागत नाही. आणि इथेच आणखी एक खूण मिळते, जी मला अतिशय आवडते. हार्ड रीलोड केल्यावर चाललं, पण नंतर साधं उघडल्यावर परत बंद, असं होत असेल तर सर्व्हिस वर्करवर संशय घ्या. साइट ब्राउझरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम ठेवून जाते, जो पेज आणि सर्व्हरच्या मध्ये बसून साठवलेल्या फाइल्स देतो; नेट नसतानाही साइट उघडावी म्हणून. हार्ड रीलोड त्याला वळसा घालतं, साधं उघडणं घालत नाही. क्रोमच्या त्याच पट्ट्यात ‘ॲप्लिकेशन’ टॅब आहे, तिथे जाऊन त्याला ‘अनरजिस्टर’ करा. नाहीतर ॲड्रेस बारच्या डावीकडच्या चिन्हावरून त्या एका साइटचा डेटा पुसा. पुसायचंच असेल तर एवढंच. ‘ऑल टाइम’ निवडून जगभराचं नको.

आता ज्या बिघाडाबद्दल मला मनापासून वाटतं, तो. ब्राउझरमधलं भाषांतर. परक्या भाषेतला फॉर्म आपल्या भाषेत वाचता यावा म्हणून लोक क्रोमचं ‘ट्रान्सलेट’ चालू ठेवतात. अगदी योग्य करतात. पण ते चालू असताना पेजमध्ये काय होतं बघा. मजकुराचा प्रत्येक तुकडा काढून त्या जागी भाषांतर टाकलं जातं, आणि ते ‘फॉन्ट’ नावाच्या टॅगमध्ये गुंडाळलेलं असतं. रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या साधनावर बांधलेल्या साइटला मात्र वाटत असतं की आपण ठेवलेला मजकूर जागेवरच आहे. तो बदलायची वेळ आली, म्हणजे ‘हा रकाना भरा’ अशी सूचना काढून टाकायची झाली, की ती जुना तुकडा शोधते. तो तिथे नसतो. अख्खं पेज पांढरं होतं. कन्सोलमध्ये ‘रिमूव्ह चाइल्ड’ हे शब्द असलेली लाल ओळ दिसते.

वापरणाऱ्याच्या बाजूने बघा. फॉर्म नीट दिसतोय, नाव भरलं, पत्ता भरला, एक रकाना चुकला, तो दुरुस्त केला आणि त्या क्षणी सगळं गायब. परत भरलं, परत गायब. इन्कॉग्निटोत मात्र त्यांनी भाषांतर केलेलं नसतं, म्हणून तिथे चालतं. मग त्यांना सांगितलं जातं की तुमचं कॅशे खराब आहे. नाहीये! त्यांचं काहीच खराब नाही. आत्तापुरता उपाय असा की भाषांतरात फॉर्म वाचून घ्या आणि भरताना मूळ भाषेवर या. पण हा तोडगा झाला, दुरुस्ती नव्हे. साइट बनवणाऱ्यांनी चाचणी करताना एकदा भाषांतर चालू करून फॉर्म भरून बघावा, सुटे मजकूर ‘स्पॅन’मध्ये ठेवावेत. ज्यांना ती भाषा येत नाही त्यांच्यासाठी भाषांतर हा दरवाजा आहे. ‘ट्रान्सलेट वापरू नका’ असं मी कुणाला सांगणार नाही.

बाकीची कारणं पटापट. मशीनचं घड्याळ चुकलेलं असेल तर सुरक्षा प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही आणि साइट उघडतच नाही. तारीख-वेळ आपोआप घ्यायला लावा. ब्राउझर फार जुना असेल तर नवी स्क्रिप्ट त्याला वाचताच येत नाही. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. २०२३ च्या सुरुवातीपासून तिथे पुढचं काही येत नाही, त्यामुळे ‘अपडेट करा’ म्हणून तिथे उपयोग नाही. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घकाळ चालणारी आवृत्ती त्या मशीनवर टाकून बघता येते. एखाद्या जुन्या पेजवर ‘फ्लॅश इन्स्टॉल करा’ असं आलं तर ते पेजच कालबाह्य आहे. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं, आणि आता ते इन्स्टॉल करायला सांगणाऱ्या लिंकपासून लांबच राहा. कॅमेरा, माइक, लोकेशन चालत नसेल तर आधी कधीतरी ‘ब्लॉक’ दाबलं गेलंय का ते ॲड्रेस बारशेजारच्या चिन्हात बघा. व्हिडिओ किंवा नकाशा काळा दिसत असेल तर सेटिंग्जमधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून ब्राउझर परत चालू करा.

आणि कधीकधी आपल्या हातात काहीच नसतं. नेटवर्क टॅबमध्ये ५०० किंवा ५०३ दिसलं तर बिघाड त्यांच्याकडे आहे. ८ जून २०२१ ला फास्टली या, अनेक साइट्सची पेजं लोकांपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत गडबड झाली आणि जगभरातल्या मोठमोठ्या वृत्तपत्रांच्या, सरकारी आणि खरेदीच्या साइट्स एकदम बंद पडल्या. त्या वेळी किती जणांनी आपापलं कॅशे पुसलं असेल! फोनवर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. तिथेही तेच असेल तर थांबा, पुसू नका.

साइटवाल्यांना कळवायचं झालं तर ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. कुठलं पेज, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, किती वाजता, कुठला ब्राउझर, आणि कन्सोलमधल्या पहिल्या लाल ओळीचा फोटो. एवढं आलं की समोरचा डेव्हलपर तुमच्यासाठी जीव तोडून काम करतो, हे मी रोज बघते. ते कदाचित ‘हार’ फाइल मागतील. नेटवर्क टॅबमधली सगळी नोंद तिच्यात साठवता येते. तिच्यात तुमच्या लॉगिनच्या कुकीजही असू शकतात, तेव्हा ती ईमेलने थेट सपोर्टलाच द्या, ग्रुपवर टाकू नका, आणि पाठवल्यावर त्या साइटवरून एकदा लॉगआउट होऊन परत लॉगिन करा. कन्सोलमध्ये मात्र दुसऱ्याने पाठवलेला कोड कधीही पेस्ट करू नका, कितीही विश्वासाने सांगितलं तरी. तिथे टाकलेली ओळ तुमच्या खात्यात तुमच्या नावाने काहीही करू शकते. बघायला कन्सोल पूर्ण सुरक्षित आहे; लिहायचं काम ते ज्यांना कळतं त्यांच्यावर सोडा.