ताटली रिकामी जाऊ नये

शेजारून आलेली ताटली रिकामी परत पाठवू नये, हा नियम कोणत्याही धर्मग्रंथात लिहिलेला नाही, तरी मुंबईच्या चाळींत तो दहा आज्ञांइतक्याच निष्ठेने पाळला जात असे. आमच्या मजल्यापुरते बोलायचे तर जरा जास्तच. १९२०च्या दशकात बांधलेल्या नायगावच्या बीडीडी चाळीत, एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांतून एका लांब व्हरांड्यावर संसार मांडलेली माणसे एकमेकांपासून फारसे काही लपवू शकत नसत, आणि कोणाच्या घरून कोणाकडे काय गेले, हे तर मुळीच नाही. दिवाळीत आमच्याकडे ताटल्या येत: चकली, करंजी, शंकरपाळी, वर विणलेला रुमाल. स्टीलच्या त्या ताटल्यांच्या कडेवर दुकानदाराने टिंबाटिंबांच्या अक्षरांत मालकिणीचे नाव कोरून दिलेले असे, त्यामुळे ताटली कितीही घरे फिरली तरी तिला आपला पत्ता माहीत असे. परत जाताना तिच्यात निदान चमचाभर साखर तरी जाई, आणि खरी परतफेड नाताळात होई. तेव्हा आमच्या घरच्या करंज्या, रव्याचे लाडू आणि इराणी बेकरीच्या भट्टीतून भाजून आणलेल्या केकचे काप व्हरांडाभर फिरत.

आम्ही मराठी ख्रिस्ती. देण्याविषयी आम्हांला लहानपणापासून भरपूर शिकवले जाते. रविवारच्या शाळेत जवळचे होते नव्हते ते दान करणाऱ्या गरीब विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट असते, उपासनेत दानाची थैली फिरते, आणि प्रेषित पौलाने इफिसच्या ख्रिस्ती मंडळीतल्या वडीलजनांना सांगितलेले प्रभू येशूचे वचन, की घेण्यापेक्षा देण्यात धन्यता अधिक, ते तर पाठच असते. त्या वचनाविषयी माझी तक्रार नाही. मात्र ते ऐकत मोठी झालेली माणसे देण्यात पटाईत होतात आणि घेण्यात पार अवघडतात, असे माझे निरीक्षण आहे. देणाऱ्याचा हात वर असतो. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू देऊ नये, असे डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे, आणि ते ज्या प्रार्थनामंदिरात वाचले जाते तिथल्या छतावरचा पंखा बंद पडला की त्याच्या पात्यावर देणगीदाराचे नाव सुवाच्य अक्षरांत दिसते. पंखा चालू असेपर्यंत तेवढी आज्ञा पाळली जाते, एवढाच काय तो दिलासा.

ताटलीच्या नियमात हिशेब आहे, हे मान्य करायला हवे. तो कुठे ठळक दिसत असेल तर लग्नात. वेदीसमोर पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला जातो, प्रीती स्वार्थ पाहत नाही हे सगळे माना डोलावून ऐकतात, आणि तासाभराने हॉलच्या दाराशी मांडलेल्या टेबलावर एक विश्वासू मामा वही उघडून बसतात. कोणी पाकीट दिले, त्यात किती निघाले, कोणी कुकर दिला, सगळे ओळीने लिहिले जाते. ती वही मग कपाटात साड्यांखाली जपून ठेवली जाते आणि समोरच्या घरी लग्न निघाले की बाहेर येते. त्यांनी एकशे एक दिले होते, आता महागाई वाढली आहे, तेव्हा किती द्यावे, यावर आमच्या घरात झालेल्या चर्चा कोणत्याही अर्थसंकल्पाच्या तोडीच्या होत्या.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू एका परूश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाच्या, घरी जेवायला बसलेला असताना यजमानालाच सांगतो, की मेजवानी देशील तेव्हा मित्रांना, नातलगांना, धनवान शेजाऱ्यांना बोलावू नकोस, कारण तेही तुला बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्यांच्यापाशी परत करायला काही नाही अशांना बोलाव. पाहुण्याने यजमानाच्याच पंगतीत बसून त्याच्या आमंत्रणांच्या यादीवर असे बोट ठेवावे, हे मला नेहमीच धाडसाचे वाटत आले आहे. हे वचन अक्षरशः पाळायचे ठरवले तर आपल्या आहेराच्या वह्या एका रात्रीत रद्दीत जातील.

तरीही ताटलीला आहेराच्या वहीच्या पंगतीत बसवावेसे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण आमच्या व्हरांड्याच्या टोकाला राहणाऱ्या एक विधवा काकू आहेत. नवऱ्यामागे त्या घरी बसून पोळ्या लाटून देत आणि त्यावर दोन मुलांचे शिक्षण करत. आई त्यांना नाताळात इतरांइतकेच, किंबहुना एक लाडू जास्त पाठवी. ताटली परत येई ती घासून लख्ख पुसलेली, मधोमध साखरेची छोटी ढेरी, आणि कधी तिच्यावर तुळशीचे एक पान. त्या साखरेने कसलीही फेड होत नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होते. पण ती होती म्हणून काकू दुसऱ्या दिवशी नळावर आईशी बरोबरीने भांडू शकत होत्या. उपकार ज्याच्यावर झाला त्याला मान ताठ ठेवण्याची सोय त्या चमचाभर साखरेत होती, आणि ज्या कोणी अनाम बायांनी हा नियम घातला त्यांना माणसाच्या मनाची जाण आमच्या कित्येक प्रवचनकारांपेक्षा जास्त होती, असे मला वाटते.

आईची स्वतःची परीक्षा वडील केईएम रुग्णालयात दाखल झाले तेव्हा झाली. ती दिवसभर तिकडे, आम्ही मुले घरात. पहिल्याच संध्याकाळी या काकू पिठले आणि भाकरी घेऊन दाराशी आल्या. आई म्हणाली, कशाला त्रास घेतलात, आमचे आहे सगळे. घरात खरे तर काहीच नव्हते. काकू हलल्या नाहीत. डबा तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, “का हो, आमच्या हातचं चालत नाही वाटतं तुम्हाला?”

या प्रश्नाची धार कळण्यासाठी आपल्या समाजात कोणी कोणाच्या हातचे खावे, याचा किती मोठा आणि कडू इतिहास आहे हे माहीत असावे लागते. आमच्या पूर्वजांपैकी कित्येकांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. उलट बाजूचा, म्हणजे सोवळे पाळणाऱ्या ब्राह्मण घरातून झालेला प्रवास लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यायला पुढे बराच काळ जावा लागला, आणि तो बदल त्यांच्यासाठी एखाद्या सिद्धान्ताच्या स्वीकारापेक्षा कमी नव्हता. यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोनी लोकांतल्या एका स्त्रीला विहिरीवर येशूने पाणी मागितले तेव्हा तीही चकित झाली ती याच कारणाने, की यहूदी असून तुम्ही माझ्याकडे पाणी मागता कसे? येशू देऊ करतो त्या ‘जिवंत पाण्या’ची सगळी चर्चा त्यानंतरची. सुरुवात झाली ती तहानलेल्या माणसाच्या मागण्यापासून.

काकूंचा डबा आईने घेतला. नंतर तिने सांगितले, की त्या वेळी तिला येशूचा शिष्य पेत्र आठवला. शेवटच्या भोजनाच्या रात्री गुरू पाय धुवायला वाकला तेव्हा ‘माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत’ असे तो बाणेदारपणे म्हणाला, आणि त्याला उत्तर मिळाले, की मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. पेत्राचा नकार नम्रतेसारखा दिसतो. तो अहंकार होता की संकोच, हे मला ठरवता येत नाही. दोन्हींचे सामान एकाच पेटीत असते.

या नजरेने शुभवर्तमाने वाचू लागले की एक गोष्ट जागोजागी दिसते. येशू सतत दुसऱ्याकडून घेत असतो. प्रवचनाला बसायला शिमोनाची होडी, यरुशलेमेत प्रवेश करायला कोणाचे तरी शिंगरू, शेवटच्या भोजनाला कोणाची तरी माडीवरची खोली, आणि शेवटी अरिमथाईकर योसेफाची कबर. लूक तर नावे घेऊन सांगतो, की हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सूसान्ना आणि इतर कित्येक स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने या मंडळीचा खर्च चालवत. शिष्यांना गावोगाव पाठवताना त्याने पिशवी आणि झोळी घेऊ दिली नाही; ज्या घरात उतराल तिथे ते देतील ते खा, असे सांगितले. दान कसे करावे यावर मी असंख्य प्रवचने ऐकली आहेत, पण दुसऱ्याच्या दाराशी रिकाम्या हाताने उभे राहण्याच्या या शिक्षणावर आमच्या वेदीवरून फारसे बोलले जात नाही. कदाचित वर्गणीच्या दृष्टीने ते सोयीचे नसावे.

आता आम्ही कांदिवलीच्या एका टॉवरमध्ये राहतो. इथे फराळ पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतो, तोही बहुधा सुरक्षारक्षकाच्या हातून, आणि खोके परत करायचे नसल्यामुळे पुन्हा दार वाजवण्याचे कारण उरत नाही. हा स्वच्छपणा मला आवडत नाही. आईलाही नाही, ती अजून स्टीलचाच डबा पाठवते. समोरच्या गुजराती भाभींनी पहिल्या नाताळात तिचा केक हातात घेण्याआधी सरळ विचारले, की यात अंडे आहे का? आई दुखावली आणि डबा घेऊन परत आली. पुढच्या नाताळात तिने दही घालून बिनअंड्याचा रव्याचा केक केला. तो थोडा दडपला होता, असे माझे मत, पण विचारले नसल्यामुळे मी ते दिले नाही. रात्री आठच्या सुमारास भाभी धुतलेला डबा घेऊन दाराशी आल्या. डब्यात काहीच नव्हते. “मासी, थोडा और है क्या? बच्चों ने सब खा लिया,” त्या म्हणाल्या. आमच्यासाठी ठेवलेला केक आईने तिथल्या तिथे कापून त्या डब्यात भरला, आणि पुढचा आठवडाभर फोनवर भेटेल त्या नातेवाइकाला ती हीच हकीगत सांगत होती.