बेस खाली ठेवताना : जून ते नोव्हेंबरच्या नोंदी

जून

मागच्या खेपेला लिहिलं होतं की हात दुखतो म्हणून शॉर्ट स्केलचा, म्हणजे तारांची लांबी कमी असलेल्या छोट्या बेस गिटारचा, प्रयोग चालू आहे. निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्सुकता ताणली जायला नको. वाजवणं बंद. डाव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून विचारलं, "बसून नाही का वाजवता येत?" येतं की. पण दुखतं ते नेकच्या, म्हणजे बेसच्या लांब दांड्याच्या, मागे अंगठा दाबताना, आणि तो उभ्याने दाबा नाहीतर बसून, दाबावा लागतोच.

ज्यांचा हात अजून शाबूत आहे आणि जे आजकाल "जरा कळ येते" म्हणायला लागलेत, त्यांच्यासाठी थोडे आकडे. 34 इंची लांबीच्या तारांच्या बेसवर पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) चौथ्यापर्यंतचं अंतर जवळपास 13 सेंटिमीटर भरतं. 30 इंचीवर तेच साडेअकराच्या आत येतं. दीड सेंटिमीटरने काय फरक पडतो ते करंगळीला विचारा. त्याच जाडीची तार त्याच सुराला लावली, तर छोट्या बेसवर ताण सुमारे 22 टक्क्यांनी उतरतो. शिवाय सिमांडल पद्धतीचं 1-2-4 बोटांचं वळण पुन्हा बसवलं. डबल बेस, म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवणाऱ्यांची ही जुनी रीत. तिसरं आणि चौथं बोट जोडीने पडतं आणि हाताच्या एका जागी चारऐवजी तीनच फ्रेट येतात. या दोन गोष्टींवर माझा बराच काळ निघाला. उशीर करू नका, एवढंच म्हणेन.

आणखी एक, कारण हल्ली दोघातिघांनी विचारलं : बेस ठेवून द्यायचा असेल तर तारा पूर्ण उतरवू नयेत. चारही तारा मिळून नेकला 70-80 किलोच्या आसपास ओढत असतात आणि आतला ट्रस रॉड (धातूची सळई) त्याविरुद्ध उभा असतो. तारा काढल्या की तो एकटाच ओढत राहतो आणि नेक मागे वाकतो. एखादा स्वर खाली उतरवून ठेवायचं, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, पावसाळ्यात महिन्याला एकदा उघडून बघायचं. मुंबईच्या हवेत यात आळस चालत नाही.

जुलै

तुझ्यावर प्रभाव कोणाचा, असं विचारलं की आपण सगळे बेसवाले एकाच दमात परदेशी बेसवाल्यांची नावं घेतो : जेमरसन, कॅरोल के, मॅकार्टनी, जॅको. माझीही यादी तीच आहे, पण ती नंतर कॅसेटींवरून आली. पहिला बेस ऐकला घरच्या ट्रान्झिस्टरवर. ऐकला म्हणायचं आपलं. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की वाजणारा ई म्हणजे 41 हर्ट्झ, आणि तळहाताएवढ्या स्पीकरमधून 41 हर्ट्झ बाहेर पडणं अशक्य. बाहेर पडायचे ते त्याचे उपस्वर, 82, 124, 165 असे, आणि खालचा मूळ सूर मेंदू स्वतःच भरून घ्यायचा. आपल्या पिढीने हिंदी गाण्यांतला अर्धा बेस असा डोक्यातल्या डोक्यात तयार करून ऐकलाय. खराखुरा बेस पोटात जाणवला तो धोबी तलावला, रंगभवनात. तिथे 1978 पासून जॅझ यात्रा, 1986 पासून इंडिपेन्डन्स रॉक, हे संगीत महोत्सव व्हायचे. पुढे आजूबाजूच्या इस्पितळांमुळे तो शांतता क्षेत्रात गेला आणि तिथलं संगीत थांबलं. इस्पितळांची बाजू बरोबरच होती, पण तसा उघडा मंच दक्षिण मुंबईला पुन्हा मिळाला नाही.

वाजवणाऱ्यांची नावं कळण्याचा प्रश्नच नव्हता. कॅसेटच्या कागदावर गायक, गीतकार, संगीतकार, संपलं. पंचमच्या ताफ्यात बेस धरणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव मला कळलं तेव्हा त्यांचा बेस माझ्या बोटांत बसून काळ लोटला होता. तिकडे डेट्रॉइटमध्ये काही वेगळं नव्हतं. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या इतक्या गाजलेल्या गाण्यांखाली जेम्स जेमरसनचा बेस आहे, आणि मार्विन गे यांच्या 1971 च्या अल्बमपर्यंत कव्हरवर नाव नाही. कॅरोल के यांचंही तेच : लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत रोजची हजेरी आणि श्रोत्याला पत्ता नाही.

जेमरसनकडून मी काय घेतलं, तर वेग नाही. तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, त्यातला बारकावा माझ्या हातात कधी आला नाही. मी घेतलं ते सामान : फ्लॅटवाउंड तारा (चपट्या वेढ्याच्या, गुळगुळीत), त्याही जुन्या, आणि तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात त्या ब्रिजच्या कव्हरखाली फोमचा तुकडा. कॅरोल के पिकने वाजवायच्या, पण तारा दाबून ठेवण्याची युक्ती त्यांचीही. सूर ठसठशीत लागतो आणि पटकन विझतो. तरुण मंडळी माझ्या बेसला "मेलेला आवाज" म्हणायची. जॅकोचा 1976 चा अल्बम मीही झिजेपर्यंत ऐकलाय आणि फ्रेटलेसच्या, म्हणजे फ्रेट नसलेल्या बेसच्या, वाटेलाही जाऊन आलोय. पण त्याच्या मागे लागून आमच्यातले कित्येक चांगले बेसवाले ऑर्केस्ट्रात गायकाच्या अंगावर वाजवायला लागले, हेही खरंच. गायक मग ब्रेकमध्ये येऊन गोड शब्दांत सांगायचा, दादा, जरा कमी.

ऑगस्ट

हा महिना उतरवून घेण्यात गेला. स्वतः वाजवता येत नाही म्हटल्यावर जुन्या गाण्यांचा बेस कानाने काढून कागदावर मांडतोय. पहिलं घेतलं ते 'सदमा'तलं, 1983 चं, इलयाराजांचं 'ऐ जिंदगी गले लगा ले'. सुरेश वाडकर गातात आणि खाली बेस स्वतःचं वेगळंच गाणं म्हणत असतो, तरी गायकाच्या पायात येत नाही. वाजवायला बसलो असतो तर मी त्यातले निम्मे सूर गाळले असते, हाताला सोपं पडावं म्हणून. लिहिताना गाळता येत नाहीत.

पण लिहिता लिहिता जे स्पष्ट होत गेलं ते डग्ग्याबद्दल. आपल्याकडच्या बेसवाल्याचा खरा जोडीदार ड्रमर नाही, तबलजी आहे, आणि हे कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. केरवा हा आठ मात्रांचा ताल घ्या : धा गे ना ती, न क धिं ना. डग्गा घुमतो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. तिसरीपासून सहावीपर्यंत तो घुमत नाही, सहावीचा 'क' असतो तो बंद, कोरडा. म्हणजे खालच्या पट्ट्यातली जागा आधीच वाटली गेलेली असते, आणि त्यात बेसवाला ड्रम किट समोर असल्यासारखा लांब सूर धरून बसला की तळ गढूळ होतो. मिक्सरवाला मग बेसचा फेडर खाली ओढतो आणि आपण कार्यक्रमभर त्याच्याकडे रागाने बघत राहतो.

त्यात 'गे'वर चांगला तबलजी मनगट पुढे सरकवतो. डग्ग्याचा सूर वर चढत जातो. त्या क्षणी बेसचा षड्ज सरळ उभा असेल तर दोघांपैकी एक बेसूर वाटतो, आणि लोकांना तो नेहमी बेसवालाच वाटतो. उपाय एकच. पहिल्या मात्रेचा सूर दुसरी लागायच्या आत तोडायचा, तिसरी ते सहावी या मोकळ्या जागेत चालायचं, सातव्याला पुन्हा डग्ग्याच्या गळ्यात पडायचं. तोडणं दोन्ही हातांचं काम आहे : डावं बोट सैल करायचं, पण तारेवरून उचलायचं नाही, आणि उजव्या तळव्याची कड टेकवायची. फोम आणि जुन्या फ्लॅटवाउंड तारा यातलं निम्मं काम फुकटात करतात. डेट्रॉइटच्या माणसाने स्वतःच्या सोयीसाठी बसवलेला आवाज आमच्या केरव्याला चपखल बसला तो असा.

लावणीत हे चालत नाही. ढोलकीचा धुम इतका मोठा असतो की तिथे मी फक्त समेवर एक सूर द्यायचो आणि बाकी वेळ ढोलकीवाल्याला दाद द्यायचो. पैसे तेवढेच मिळायचे.

सप्टेंबर

गणपतीत पहिल्यांदाच कार्यक्रमाची सुपारी घेतली नाही. जवळच्याच मंडळाचा ऑर्केस्ट्रा खुर्चीत बसून ऐकला. बेस गिटार नव्हतीच. कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस सांभाळत होता आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) बाकीचं सगळं. हे नवीन नाही. नव्वदच्या दशकात एक मानधन वाचतं म्हणून ते सुरू झालं आणि आमच्यातले बरेच जण तेव्हाच बाजूला झाले. मला राग कीबोर्डचा नाही. त्या मुलाचा डावा हात सुरेख होता. पण त्याच्या कीबोर्डवरचा सूर बोट उचलेपर्यंत एकाच जोराने उभा राहत होता, त्याला विझणं माहीत नव्हतं. डग्ग्याखाली तो कसा लागत होता ते वरच्या नोंदीवरून ओळखा.

नोव्हेंबर

कान तपासून घेतले. आलेखात 4000 हर्ट्झपाशी खड्डा आहे, मोठ्या आवाजात आयुष्य काढलेल्यांचा नेहमीचा. इतकी वर्षं ड्रमच्या हाय-हॅटच्या झांजांच्या बाजूला उभं राहिल्यावर दुसरं काय मिळणार. खालचा पट्टा मात्र ठणठणीत. तारेवर बोट घासल्याचा खरखर आवाज आता मला ऐकू येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे उतरवून घेणं सोपंच झालंय.

छोटा 30 इंची बेस इमारतीतल्या एका मुलीला दिला. कॉलेजात आहे, बेसवादक मोहिनी डे यांचे व्हिडिओ बघून वेडी झालेली. मी काही बोललो नाही, वेडं व्हायचं तेच वय आहे. फक्त एक अट घातली : पहिला महिना मेट्रोनोमऐवजी तबला अॅपवर केरवा लावायचा, लय 80, आणि फक्त एक सूर वाजवायचा. पहिल्या आठवड्यात तिला कंटाळा आला. दुसऱ्यात तिने विचारलं, "काका, सातव्याचा सूर पुढच्या समेपर्यंत धरू की आधीच सोडू?" आम्ही त्यावर तासभर बसलो. माझं मत आधी सोडायचं, तिचं धरायचं. तिने वाजवून दाखवलं, तिच्या लयीला तेही वाईट नव्हतं.

मोठा 34 इंची अजून केसमध्येच आहे, विकायचा नाही. अॅम्प आणि 15 इंची स्पीकरचं कॅबिनेट मात्र देऊन टाकायचं आहे. दोन्ही चालू स्थितीत, फक्त कॅबिनेटची चाकं असलेली एक बाजू लटपटते आणि तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय उतरवावं लागेल. आधी येऊन वाजवून बघा. येताना स्वतःचा बेस आणा, माझा मिळणार नाही. पुढे दादरा, हा सहा मात्रांचा ताल, हातात घेतोय. तिथे डग्गा पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो, त्यामुळे मोकळी जागा तुटक आहे आणि सगळं गणित नव्याने मांडावं लागतंय.