शेवटची ओळ नको, पहिली एरर दाखव

परवा शनिवारी दुपारी वारज्याहून मावसभावाचा फोन, दादा बिल्डच होत नाहीये, तासभर बसलोय. बिल्ड म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं. स्क्रीनशॉट पाठवला तर त्यात सगळ्यात खालची ओळ, मेकची (बिल्ड चालवणारं टूल), एरर २. आता ती ओळ एवढंच सांगते की मेक थांबलं, का थांबलं ते वर कुठेतरी असतं, आणि ह्याने मेकला एकाच वेळी चालवायला आठ जॉब दिलेले, म्हणजे एक फाइल अडकली तरी बाकीच्या चालू असलेल्यांचं आउटपुट खाली पडतच राहतं. म्हटलं थांब, पाऊस उघडला की येतो, कर्वेनगरहून कितीसं लांब आहे.

गेल्यावर आधी एकाच जॉबवर मेक चालवलं. जुन्या ईमेलच्या फायलींत शब्द शोधणारं छोटंसं ओपन सोर्स टूल, सी-मधलं, आणि एरर दोनच. पहिली, मजकुरात शब्द शोधणाऱ्या स्ट्रकेसस्ट्र ह्या फंक्शनचं डिक्लेरेशन, म्हणजे ते काय घेतं आणि काय देतं ह्याची ओळख, नाही. दुसरी, इंटपासून (पूर्णांकापासून) पॉइंटर (मेमरीतला पत्ता) बनवताय. तो दुसरीच्या मागे लागलेला, पण दुसरी ही पहिलीचीच सावली आहे, पहिली गेली की ती आपोआप जाते.

मग म्हणाला, अरे पण जुन्या लॅपटॉपवर हेच बिल्ड झालं होतं की! झालं असणार. डिक्लेरेशन दिसलं नाही तर फंक्शन इंट देतं असं धरून चालायचं हा सी-चा जुना नियम, तो १९९९ च्या स्टँडर्डमधूनच काढला, पण जीसीसी, हा सी-चा कंपायलर, नुसती वॉर्निंग देऊन पुढे जायचं, २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून ती सरळ एरर झाली. ह्याने नुकतंच डेबियन १३ लिनक्स टाकलंय, त्यात तेच जीसीसी.

नेटवर बघून त्याने परमिसिव्हचा फ्लॅग लावला, म्हणजे अशा एररची परत नुसती वॉर्निंग करायला सांगितलं, बिल्ड झालं, खूश. म्हटलं आता शोध. फायलीत नसलेला शब्द दिला तर व्यवस्थित, काही सापडलं नाही. असलेला शब्द दिला की सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रॅम क्रॅश! कारण फंक्शन सापडलेल्या शब्दाचा पत्ता देतं, पण इंट ३२ बिटांचा आणि पत्ता ६४ बिटांचा, वरचे ३२ बिट गेले की तो पत्ता भलतीकडेच जातो, आणि काही सापडलं नाही तर पत्ता शून्यच, शून्याचे बिट कापले तरी शून्यच राहतं. म्हणून मला ह्या एररचा खरंच आदर वाटतो, तिने बिल्ड अडवलं ते बरोबर जागी अडवलं.

उपाय एका ओळीचा. स्ट्रकेसस्ट्र स्टँडर्डमध्ये नाही, त्यामुळे हेडर फाइलने त्याचं डिक्लेरेशन दाखवावं म्हणून अंडरस्कोर जीएनयू अंडरस्कोर सोर्स डिफाइन करावं लागतं, मॅन पेजवर (फंक्शनच्या माहितीच्या पानावर) वरच लिहिलंय. त्याने ते इन्क्लूडच्या, म्हणजे हेडर आत घेणाऱ्या ओळीच्या, खाली टाकलं, परत तीच एरर. पहिल्या इन्क्लूडच्या वर पाहिजे, हेडर एकदा वाचून झाल्यावर डिफाइन केलं तर कोण बघतंय. वर नेलं, मेक क्लीन, मेक, झालं. फ्लॅग मात्र आधी काढायला लावला.

मावशीने चहा आणला तेव्हा तो पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, लिहीत होता, कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपणात) काय लिहू विचारलं. म्हटलं शब्द सापडला की क्रॅश का व्हायचं ते लिही, बाकी ओळ दिसतेच आहे.