नागपुरात टायरचा एकच सेट पुरे, लक्ष हवेवर ठेवा

परदेशातले नातेवाईक हिवाळ्याचे टायर वेगळे ठेवतात, मग आपणही दोन सेट घ्यावेत का? नागपुरात अजिबात गरज नाही. हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवतात, कारण साधारण ७ अंशांखाली नेहमीचं रबर कडक होऊन पकड सोडतं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानेच लागतात. आपल्याकडची थंडी पहाटेपुरती. तेच मऊ रबर मे महिन्यात तापलेल्या डांबरावर भराभर झिजेल आणि ब्रेक मारल्यावर गाडी उशिरा थांबेल. बारमाही म्हणून विकले जाणारे टायर चालतील, पण हिवाळ्यात चालतो हे सांगणाऱ्या टायरवरच्या बर्फाच्या खुणेसाठी जादा पैसे मोजू नका. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेग सोसतो) मात्र कंपनीने दिलंय त्यापेक्षा कमी घ्यायचं नाही.

आपला खरा शत्रू उष्णता, आणि ती वाढते कमी हवेमुळे. समजा, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पहाटे २८ अंशांना ३३ पीएसआय हवा भरली. समृद्धीवर दुपारी टायरच्या आतली हवा ६० अंशांवर गेली की मीटर ३८ दाखवतो. इथेच घोळ होतो: ‘हवा जास्त झाली’ म्हणून पंपावर ती ३३ पर्यंत सोडतात. मग दुसऱ्या दिवशी पहाटे टायरमध्ये उरते जेमतेम २८. असा टायर १२० च्या वेगात प्रत्येक फेरीला बाजूने दबतो, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आतून तापते, तिचे थर सुटतात आणि टायर फुटतो. गरम टायरची हवा कधीच सोडू नका. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो. घरून दोन-तीन किलोमीटरच्या आत भरा. माणसं आणि सामान भरून निघालात, तर त्याच स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा घ्या. नायट्रोजन भरला तरी हाच हिशेब.

डिसेंबरात उलटं होतं. मे महिन्यातले ३३ थंडीत १२ अंशांना आपोआप ३०-३१ वर येतात, तेव्हा पुन्हा भरून घ्या. हिवाळ्याची तयारी एवढीच.

टायर बदलायचे तर पावसाळ्याच्या तोंडावर बदला, दिवाळीची वाट पाहू नका. खाचांची खोली १.६ मिलिमीटर उरली की त्यांतली झिजेची खूण उघडी पडते, पण साचलेल्या पाण्यात पकड त्याआधीच जाते. ३ मिलिमीटर उरले की बदलणं बरं. विकत घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार अंक वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील, तर नक्षी शाबूत असली तरी बारीक भेगा तपासा, स्टेपनीच्यासुद्धा. तिच्यातली हवा तर महिनोन्महिने कोणी बघतच नाही.