नऊ बिंदूंचा ‘ळ’

शाळेच्या प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहिणे आणि पंधरा ऑगस्ट किंवा स्नेहसंमेलन आले की रंगीत खडूंनी फलकलेखन सजवणे, हे काम निवृत्त होईपर्यंत पंचवीस वर्षे माझ्याकडे होते. खडूचा दोन पेरांएवढा तुकडा आडवा धरायचा, मनगट न मोडता खांद्यापासून हात फिरवायचा आणि एका दमात अक्षर उतरवायचे, एवढेच माझे शास्त्र. त्यामुळे यंदा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी ‘आपली शाळा’ असा मोठा फलक करायचे ठरले, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिले. अडचण एवढीच होती की फलक फ्लेक्सवर छापायचा होता आणि माझ्या उजव्या हाताला अलीकडे थोडा कंप सुटतो. भाचीने माझ्या लॅपटॉपवर इंकस्केप नावाची चित्रे काढायची प्रणाली उतरवून दिली. ती फुकट आहे, हे तिने दोनदा सांगितले; मामाचा स्वभाव तिला ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी मी साहजिकच पेन्सिलीचे चित्र असलेले साधन उचलले आणि माऊस धरून ‘ळ’ काढला. बाकीची अक्षरे सोडून ‘ळ’च का, तर फळ्यावर माझा हात ज्या अक्षरावर सर्वांत खूश असे ते हे अक्षर. शिरोरेषेखाली लोंबणारा छोटा देठ आणि त्याच्या दोन अंगांना दोन गोल. वळण जमले तर देखणे, नाही तर पायाखाली आलेल्या कोळ्यासारखे. माझा कोळी झाला. शिवाय हाताचा प्रत्येक कंप प्रणालीने इमानदारीने टिपून ठेवला होता आणि त्या एका अक्षरावर मुंग्या चढाव्यात तसे साठ-पासष्ट बिंदू दिसत होते.

“मामा, तू रेघ ओढतोयस. रेघ ओढायची नाही, बिंदू ठेवायचे,” भाची म्हणाली आणि तिने मला बेझिए वक्ररेषेचे साधन दाखवले. इथे एक बिंदू ठेवायचा, दुसरा ठेवायचा आणि बटण न सोडता माऊस ओढला की त्या बिंदूला दोन बाजूंनी दोन दांड्या फुटतात. दांडी जितकी लांब तितके वळण ऐसपैस, आणि जिकडे तिचे तोंड तिकडे रेषेचा कल. भाची त्यांना हँडल म्हणते, मी त्यांना कान म्हणतो. वर्गात कान धरण्याला केव्हाच बंदी आली. इथे मात्र कान ओढला की वळण निमूटपणे सरळ येते, आणि त्याची तक्रार घेऊन कोणाचे पालक येत नाहीत.

या वक्ररेषेचा जन्म चित्रकाराच्या नव्हे, तर मोटारीच्या कारखान्यात झाला, हे कळले तेव्हा मला तिच्याबद्दल अधिकच आपुलकी वाटली. मोटारीच्या पत्र्याचा बाक गणितात कसा पकडायचा, हा प्रश्न फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्जो यांनी 1959 च्या सुमारास सोडवला होता. पण कंपनीने ते काम गुपित ठेवले. रेनोमधले अभियंते पिएर बेझिए यांनी 1960 च्या दशकात आपली पद्धत जाहीर केली आणि नाव त्यांचे लागले. पुढे 1987 मध्ये अडोबी कंपनीची इलस्ट्रेटर ही चित्रे काढायची प्रणाली आली ती याच रेषा घेऊन, आणि आज संगणकावरची बहुतेक अक्षरे याच जातीच्या रेषांवर उभी आहेत. गंमत अशी की या रेषांनी अचूक वर्तुळ काढताच येत नाही. चार तुकडे जोडून काढलेले वर्तुळ खऱ्या वर्तुळापासून हजारात एका भागाहूनही कमी चुकते आणि कोणाच्याही डोळ्याला ती चूक दिसत नाही. भूमितीच्या तासाला मी कंपासने काढलेली वर्तुळे याहून पुष्कळच चुकत असत.

पुढचे आठ-दहा दिवस मी बिंदू ठेवत नव्हतो, काढून टाकत होतो. वळण बिघडले की नवशिक्याला वाटते, मध्ये आणखी एक बिंदू घालावा. घातला की तिथे टेंगूळ येते आणि ते बसवायला तिसरा लागतो. अक्षर घडवणारे लोक बिंदू शक्यतो वळणाच्या टोकांवर ठेवतात: जिथे गोल सर्वांत डावीकडे जातो, सर्वांत वर जातो, तिथे, मधल्या प्रवासाचे काम कानांवर सोपवतात. हे ऐकायला सोपे आहे. पण ‘ळ’चा डावा गोल सर्वांत डावीकडे नेमका कुठे पोहोचतो, हे मला सांगता येईना. हजारो वेळा जे अक्षर मी काढले होते, ते माझ्या खांद्याला येत होते, मला येत नव्हते. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने ‘ळ’ काढला, स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसलो आणि वळणांची टोके मोजली. देठाचे टोक धरून नऊ भरली. संगणकावर नऊच बिंदू ठेवले, कान थोडे ओढले आणि ‘ळ’ उभा राहिला. दारामागचा ‘ळ’ पुसण्याची आज्ञा घरातून ताबडतोब झाली. ओल्या फडक्यानेही त्याची पांढुरकी छाया तिथे राहिली आहे. संगणकावर मात्र कंट्रोल आणि झेड दाबले की चुकीचा मागमूसही उरत नाही, आणि ही सोय अजून माझ्या पचनी पडलेली नाही.

पण या ‘ळ’ची जाडी सगळीकडे सारखी होती. आडव्या खडूला जी जाड-बारीक लय आपोआप येते, ती इथे हवी असेल तर अक्षराच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या काढाव्या लागतात. त्यासाठी सुलेखनाचे तयार साधनही आहे. टाकाचा कोन, रुंदी वगैरे ठरवता ठरवता मला त्यात ‘थरथर’ नावाची एक पट्टी सापडली: शून्यापासून शंभरापर्यंत हवा तेवढा हाताचा कंप अक्षरात मिसळता येतो, म्हणजे ते हाताने काढल्यासारखे वाटते. मी ती शून्यावर ठेवली. तो माल माझ्याकडे घरचाच आहे. शेवटी कडाच काढल्या.

फ्लेक्सच्या दुकानातल्या मुलाने फाइल उघडण्याआधीच विचारले, “काका, कर्व्ह करून आणलंय ना?” अक्षरे टंक, म्हणजे फॉन्ट, म्हणून ठेवली आणि तो टंक दुकानातल्या संगणकावर नसला की भलताच टंक येऊन बसतो आणि वेलांट्या, मात्रा कुठल्या कुठे जातात, म्हणून छपाईच्या धंद्यात अक्षराची रेषा करूनच पाठवायची असते. माझी मोठी अक्षरे मुळातच रेषा होती. खालची तारीख-स्थळाची ओळ मात्र त्याने समोर बसवून कर्व्ह करून घेतली. आठ फूट रुंदीच्या फलकावर ‘ळ’ हातभर उंच झाला तरी कुठे फाटला नाही, कारण बिंदूंमधले गणित तेच राहते. पडद्यावर झकास दिसणारा फळ्याचा हिरवा रंग मात्र चार शाईंच्या छपाईत शेवाळासारखा उतरला.

मेळाव्याला फलकाखाली उभे राहून सगळ्यांनी फोटो काढले. मला उजव्या गोलाला खालच्या अंगाला एक बारीकसा सपाट भाग दिसत होता. तिथला कान मी आखूड ठेवला होता. आता ही खोड बाहेरही जडली आहे. परवा एका उपाहारगृहाच्या रंगवलेल्या पाटीवर ‘मिसळ’ वाचताना ‘ळ’च्या पोटाशी नको असलेला दहावा बिंदू दिसला. तो मनातल्या मनात काढून टाकीपर्यंत माझ्या पुढ्यातल्या रश्श्यावर तर्रीची साय धरली होती.