निर्माल्याच्या कामात एकत्र आलेली पाच पथके

कोल्हापुरातील एका शाळेला जोडून असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणूनही काम पाहतो. सेवेची आवड असलेल्या मुलांना आमच्याकडे वाटा पुष्कळ आहेत. अकरावी-बारावीला सेवा योजना, खालच्या वर्गांना स्काऊट-गाईड, हरित सेना व वाहतुकीचे धडे देणारे आरएसपी, शिवाय रोटरीच्या पुढाकाराने चालणारा इंटरॅक्ट क्लब. उणीव होती ती या सर्वांनी एकमेकांशी बोलण्याची. 2019 च्या ऑगस्टमधील महापूर ओसरल्यावर आमचीच मुले निरनिराळ्या गणवेशांत एकाच पेठेत सफाईला गेली. एका गल्लीत दोन पथके पोहोचली आणि मागच्या गल्लीतला चिखल तसाच राहिला. आधी काम ठरवायचे आणि मग ते कोणी करायचे ते पाहायचे, हे तेव्हाच माझ्या मनात पक्के झाले.

परिस्थिती सावरल्यावर आम्ही काम निवडले ते घरगुती गणपतींच्या विसर्जनाचे. आमच्या भागात बहुतेक घरचे गणपती गौरींबरोबरच निरोप घेतात, त्यामुळे दुपारपासून रात्रीपर्यंत पंचगंगेच्या घाटावर माणसांची रीघ लागते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून पुढे येणाऱ्या या नदीवर सांडपाण्याचा भार आधीच आहे. त्यात टाकलेली फुले-पाने कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात आणि माशांच्या जिवावर बेतते. निर्माल्य काठावरच उतरवून घ्यावे आणि त्याचे खत करावे, एवढाच आमचा बेत होता.

पहिल्या बैठकीत मुलांचा बराच वेळ फलकावर कोणाचे नाव असावे यातच गेला, आणि त्यांचे म्हणणे मला अगदीच गैर वाटले नाही. सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला 120 तासांचे नियमित काम दाखवावे लागते, इंटरॅक्ट क्लबला वर्षातून किमान दोन उपक्रम करावे लागतात, त्यांपैकी एक शाळेच्या किंवा परिसराच्या उपयोगाचा. स्काऊटांना प्रावीण्य पदकांसाठी नोंदी हव्या असतात. शेवटी असे ठरले की काम एकच राहील, पण प्रत्येक पथक त्याची नोंद आपापल्या वहीत करील, आणि फलकावर फक्त शाळेचे नाव असेल. हे ठरले आणि बैठकीचा सूरच बदलला.

परवानग्यांचा भाग किचकट नव्हता, वेळखाऊ मात्र होता. जागेसाठी व ट्रॉलीसाठी महापालिकेला, वाहतुकीसाठी पोलिसांना पत्रे दिली आणि प्रत्येक पालकाचे संमतीपत्र घेतले. पालकांची खरी काळजी पाण्याची होती. म्हणून कोणताही विद्यार्थी ठरलेल्या पायरीच्या खाली उतरणार नाही, मूर्ती पाण्यात नेण्याचे काम अग्निशमन दल आणि जीवरक्षकच करतील, आणि दहावीपर्यंतची मुले अंधार पडण्यापूर्वी घरी जातील, हे आम्ही त्या संमतीपत्रावरच छापले.

कामाची वाटणी ज्याला जे येते त्यानुसार केली. आरएसपीची मुले घाटाकडे येणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी शिट्ट्या घेऊन उभी राहिली. स्काऊटांनी आपल्या काठ्यांची तिकाटणी बांधून त्यांत पोती अशी अडकवली की तोंड उघडे राहावे आणि येणाऱ्याला वाकावे लागू नये. इंटरॅक्टच्या मुली आदल्या आठवड्यातच गल्लीगल्लीत जाऊन घरोघरी बोलून आल्या होत्या. निवडीच्या टेबलावर हरित सेनेची सातवी-आठवीची मुले होती, आणि ओझी वाहायला सेवा योजनेचे विद्यार्थी.

निवड हे सर्वांत नाजूक काम आहे. झेंडूचा हार वरून निव्वळ फुलांचा दिसतो, पण आत नायलॉनचा दोरा आणि मध्ये मध्ये सोनेरी कागद असतो. तो कात्रीने कापून दोरा अखंड ओढून काढावा लागतो. दुर्वांच्या जुडीला रबर असते. कापसाची वस्त्रमाळ खतात चालते, चमकी लावलेली चालत नाही. थर्माकोलच्या मखरावर राज्यात 2018 पासून बंदी असली तरी जुने तुकडे अधूनमधून निघतातच. सर्वांत जास्त जागा व्यापतात त्या गौरींच्या तेरड्याच्या पेंढ्या. एका आजींनी परडी हातातून न सोडताच विचारले, "बाळा, ह्ये कुनाच्या पायाखाली तर जायाचं न्हाई न्हवं?" आठवीतल्या मुलीने उत्तर दिले, "नाही आजी, खत करून आम्ही झाडांना घालणार आहोत. बघायला या शाळेत." आजींनी परडी दिली, आणि नंतर त्या खरोखरच शाळेत आल्या.

पाचही पथके मनाने एकत्र आली ती मात्र घाटावर नव्हे, शाळेच्या मागच्या अंगणातील खड्ड्यांपाशी, असे माझे ठाम मत आहे. घाटावर गर्दी असते, कौतुक असते; खतापाशी नुसता वास असतो. तेरडा पाणीदार असल्याने ढीग लवकरच चिकट झाला आणि शेजाऱ्यांची कुरबुर सुरू झाली. तेव्हा हरित सेनेच्या मुलांनी बारावीच्या विद्यार्थ्यांना शिकवले की ओल्या थरावर वाळलेल्या पानांचा थर हवा, वरून शेणकाला हवा, ढीग वरखाली करून हवा खेळती ठेवायला हवी, आणि मूठभर मिश्रण दाबल्यावर पाण्याची धार लागता कामा नये, जेमतेम थेंब यावा. पाळ्यांचा तक्ता लावला तो मुद्दाम मिसळून: प्रत्येक पाळीत प्रत्येक पथकाचे कोणी तरी. मोठी मुले लहानांचे ऐकू लागली, ही माझ्या दृष्टीने या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर खत चाळले. काही शाळेच्या बागेत घातले आणि उरलेले ज्या गल्ल्यांतून निर्माल्य आले होते तिथे पुड्या करून वाटले.

आता आमच्या जवळच्या दोन शाळांना हे काम करायचे आहे. त्यांना मी एवढेच सांगितले आहे की पत्रव्यवहार जूनमध्ये शाळा उघडताच सुरू करावा, वाळलेली पाने उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवावीत, आणि घाटावर उभे राहणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव खताच्या पाळ्यांच्या तक्त्यातही आधीच लिहावे.