इंग्लंडमधल्या सफोकच्या शेतातले तीन दिवस: पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा

"या शेतावर आजवर कुणीही मेटल डिटेक्टर फिरवलेला नाही," असं पैसे घेऊन शेतात नाणी शोधू देणाऱ्या आयोजकाने फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं. ते खरंच होतं. का फिरवलेला नाही, हे मात्र त्याने लपवलं, आणि त्यापायी माझा एक अख्खा दिवस मातीत गेला. जुनी नाणी शोधायला इंग्लंडच्या शेतांत जाणाऱ्यांवर तशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

तीन दिवसांचे 75 पौंड. गाडी लावायचे आणि तंबूचे वेगळे 20 पौंड, आणि हे वेगळे आहेत हे फाटकाशी पोहोचल्यावर कळलं. सप्टेंबरचा शेवट, गहू निघालेला, काही शेतं नांगरलेली. हंगाम अगदी योग्य होता.

पहिल्या दिवशी कुरण होतं. जॉर्ज तिसऱ्याच्या काळची झिजून गुळगुळीत झालेली तांब्याची नाणी, बटणं, एक बक्कल. दिवस छान गेला, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी ते 'कुणीही न फिरलेलं' शेत. फाटकातूनच माती शेजारच्या शेतापेक्षा काळी दिसत होती. मला वाटलं, सुपीक असेल. डिटेक्टर चालू केला आणि हेडफोनमध्ये एक क्षण शांतता नाही. पहिल्या तासात चाळीसच्या वर खड्डे खणले. प्रत्येकात नखाएवढा, कडा फाटलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. वाकून नीट पाहिलं तर मातीवर जिकडेतिकडे निळ्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या चिंध्या, वायरचे तुकडे, एका सेलचं चेपलेलं टोपण. याला इथे 'ग्रीन वेस्ट' म्हणतात. घरोघरचा बागेतला कचरा गोळा करून, दळून त्याचं कंपोस्ट करतात आणि शेतात पसरतात. त्या कचऱ्यात कुणीतरी डबे, फॉइल, सेल टाकलेले असतात. तेही सोबत दळले जातात आणि नांगराने थेट खालपर्यंत कालवले जातात. एकदा पडलं की ते शेत आपल्या कामातून गेलं. पुढच्या वर्षी सुधारेल या आशेवर राहू नका.

डिटेक्टर प्रत्येक धातूला एक आकडा दाखवतो, आणि नको ते आकडे बंद करता येतात. "मग फॉइलचे आकडे बंद करून टाक की," असं मला तिथेच दोघांनी सुचवलं. हा सल्ला मुळीच ऐकू नका. हातोड्याने ठोकून पाडलेलं मध्ययुगीन चांदीचं नाणं कागदासारखं पातळ असतं. अख्खी पेनी सुमारे 1.4 ग्रॅमची. 1279-80 मध्ये एडवर्ड पहिल्याने गोल हाफपेनी (अर्धी पेनी) आणि फार्दिंग (पाव पेनी) पाडायला सुरुवात केली. त्याआधी सुट्या पैशांसाठी पेनीच कापायचे, मागच्या क्रुसाच्या रेषेवरून अर्धी किंवा पाव. असा पाव तुकडा डिटेक्टरवर जो आकडा दाखवतो, त्याच आकड्यांवर फॉइलही वाजतं. फॉइल गाळलंत की नेमकं जे शोधायला आलात तेच गाळलंत. म्हणून अशा शेतात सगळं खणावं लागतं किंवा निघून जावं लागतं. मी दुपारी तीनपर्यंत खणत राहिलो. सफोकची चिकणमाती फावड्याला अशी धरते की दर खड्ड्याला फावडं खरवडावं लागतं. मनगट सुजलं.

शेवटी एका वयस्क गृहस्थाने दाखवलं ते मला सकाळीच कळायला हवं होतं. कंपोस्ट पसरणारं यंत्र कुंपणाच्या अगदी कडेपर्यंत पोहोचत नाही. कडेची दीड-दोन मीटरची पट्टी बरीच स्वच्छ असते. लहान कॉइल (डिटेक्टरची जमिनीवर फिरवायची चकती) लावा, सेन्सिटिव्हिटी उतरवा आणि त्या पट्टीतच सावकाश चाला. तिथे मला शेवटच्या तासात शिशाचं एक ओबडधोबड टोकन (खासगी नाण्यासारखी चकती) मिळालं, एका बाजूला नुसती फुलासारखी नक्षी, दुसरी कोरी. आख्ख्या दिवसाची एवढीच कमाई.

तर पैसे भरण्याआधी आयोजकाला सरळ विचारा: या शेतात कधीही ग्रीन वेस्ट पडलंय का? 'जमीन कशी आहे' असं मोघम विचारू नका, मोघमच उत्तर मिळेल. आणि तिथे पोहोचल्यावर डिटेक्टर बाहेर काढण्याआधी वीस पावलं आत जा, मातीकडे बघा. प्लास्टिकच्या चिंध्या दिसल्या तर दुसरं शेत मागा. दुसरं शेत नसेल तर पैसे परत मागा. मी मागितले, मिळाले नाहीत. त्या आयोजकाकडे मी पुन्हा जाणार नाही.

तिसऱ्या दिवशी जावं की नाही असंच झालं होतं. गेलो, आणि बरं झालं गेलो. गव्हाची धसकटं असलेलं उतारावरचं शेत, खालच्या बाजूने जुनी पायवाट. धसकटांवर कॉइल उचलली जाते आणि खोली हातची जाते. म्हणून धसकटं दाबत, कॉइल जमिनीला घासत, अर्ध्या वेगाने चाला. दोन्ही दिशांनी सारखा वाजणारा प्रत्येक सिग्नल खणा, कितीही बारीक असो.

पायवाटेजवळ अकराच्या सुमारास तसाच एक बारीक सिग्नल आला. चार इंचांवर, ढेकूळ फोडल्यावर, मातीत एक राखाडी त्रिकोण. चिमटीत धरला तर वजनच जाणवेना. पाव पेनी! दुहेरी रेषेच्या लांब क्रुसाचा एक कोपरा, त्यात तीन ठिपके. म्हणजे 1247 ते 1279 मधली. कुणीतरी पेनी कापून सुट्टे केले आणि याच वाटेवर हरवले. हात थरथरत होते.

तासाभराने टोकन. 1648 ते 1672 या काळात सरकार पुरेशी सुटी नाणी पाडत नव्हतं, म्हणून दुकानदारांनी स्वतःची पाडली. 1672 मध्ये राजाने तांब्याची फार्दिंग काढली आणि दुकानदारांची टोकनं बंद पडली. माझं टोकन 16 मिलिमीटरचं, किंचित वाकलेलं. एका बाजूला तराजू. दुसरीकडे तीन अक्षरं: वर आडनावाचं, खाली नवऱ्याच्या आणि बायकोच्या नावाचं. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका लहानशा दुकानात दोघांनी मिळून चालवलेला धंदा त्या तीन अक्षरांत आहे. राजाच्या मुद्रेपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटलं. अशी तांब्याची वस्तू शेतात अजिबात चोळू नका, वरचा हिरवा थर गेला की अक्षरंही जातात. मातीसकट डबीत ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. शेतमालकाची परवानगी हवीच; ती लेखी घ्या आणि सापडलेल्या वस्तूची वाटणी कशी, हेही त्यात असू द्या. संरक्षित स्मारकाच्या जागेवर डिटेक्टर नेणं गुन्हा आहे, नकाशा आधी तपासा. ट्रेझर अ‍ॅक्ट 1996 प्रमाणे एकटं नाणं सहसा 'ट्रेझर', म्हणजे कळवावाच लागणारा ठेवा, ठरत नाही. पण एकाच ठिकाणी 300 वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन नाणी मिळाली, तर 14 दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणारा अधिकारी) कळवावं लागतं. एकाहून जास्त दिसू लागली तर खणणं थांबवा. याच सफोकमध्ये, हॉक्सन इथे, 1992 मध्ये हरवलेली हातोडी शोधायला गेलेल्या माणसाला रोमन नाणी लागली. तो वेळीच थांबला, म्हणून सुमारे 15 हजार नाण्यांचा तो साठा कशा पेटीत, कसा रचलेला होता, हे पुरातत्त्ववाल्यांना वाचता आलं.

ट्रेझर नसलेल्या वस्तूही त्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवा. जागेचा ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या जागेचे आकडे) फोनवर खड्ड्यापाशीच नोंदवा, निदान आठ आकडी, म्हणजे जागा दहा मीटरच्या चौकोनात बसते. नंतर आठवून सांगता येत नाही. आणि भारतात परत नेणार असाल तर लक्षात ठेवा: ब्रिटनच्या मातीत सापडलेल्या 50 वर्षांहून जुन्या वस्तूला निर्यात परवाना लागतो. माझं टोकन आणि पाव पेनी सध्या नोंदणीसाठी दिली आहेत.

ज्यांना जायचंय त्यांनी घाई करावी. पेरणी झाली की शेतं बंद होतात. पायवाटेकडेची धसकटं मिळत असतील तर मिळेल त्या तारखेला जा. काळी माती आणि निळी प्लास्टिकं दिसली तर फाटकातूनच मागे फिरा.